स्वस्त घर आणि त्यामागचं कारण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या लहान गावांत घर किंवा जागा घेण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या वेळी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे : “भाव कमी आहे, सोडू नये असं वाटतं.” भाव कमी असण्याला नेहमी कारण असतं. कधी ते कागदात असतं, कधी जमिनीत, कधी पाण्यात, आणि कधी मालकाला खरोखरच मुंबईला मुलाकडे जायचं असतं. यातलं नेमकं कोणतं, ते कळेपर्यंत इसार (आगाऊ रक्कम) देऊ नये.

प्रश्न : कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात गावठाणातलं दगडी घर विकायला आहे. पुढे अंगण, मागे परडं. साडेसात लाख सांगतात. मालकाकडे ग्रामपंचायतीचा आठचा उतारा आणि दहा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या आहेत. एवढ्यावर खरेदी करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण करू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोणाच्या नावावर आकारली जाते एवढंच तो सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. गावात राहणारा एक भाऊ घरपट्टी भरत असतो, म्हणून त्याचं नाव लागतं. पुण्या-मुंबईच्या दोन भावांचा आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा हिस्सा त्यामुळे संपत नाही. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. तलाठ्याकडचा ८अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराचा. दोन्हींना बोलताना ‘आठचा उतारा’ म्हणतात, पण दोन्ही वेगळे आहेत.

पहिली फेरी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करा. त्या गावठाणाचा सिटी सर्व्हे झाला आहे का, विचारा. झाला असेल तर मिळकत पत्रिका मिळेल. नसेल झाला, तर स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली का, ते पाहा. ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली आणि तिच्यातून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. पत्रिका हातात आली की तिच्यावरचं नाव, चौरस मीटरमधलं क्षेत्र आणि फेरफाराच्या (मालकाचं नाव बदलल्याच्या) नोंदी नीट वाचा. विकणाऱ्याशिवाय आणखी नावं असतील, तर त्या प्रत्येकाची सही लागेल.

पत्रिका नसेल तर मालकाकडून जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र मागा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चे मागचे उतारे काढा, तीस वर्षं मागे जाता आलं तर उत्तम. नाव जिथे बदललं तिथे कोणत्या कागदावरून बदललं, हा प्रश्न ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) विचारा. “वडील वारले म्हणून थोरल्याचं नाव लावलं” हे उत्तर फार ठिकाणी मिळतं. ते मिळालं की समजा, वारसांचा प्रश्न मिटलेला नाही.

वारसांबाबत हयगय नको. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनची केंद्रीय दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर त्यात शंका उरलेली नाही. मालकाकडून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घ्या आणि ते गावातल्या दोन जाणत्या माणसांना दाखवा. एखादी बहीण राहून गेली असेल तर तेच सांगतील. सगळे वारस एक तर खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून सह्या करतील किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र देतील. मुद्रांकाच्या कागदावरची नुसती नोटरी केलेली संमती चालत नाही. वारसांत कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल, तर त्याच्या हिश्शासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, हे धरून चाला.

आता परड्याकडे वळा. तीस मीटरचा टेप घेऊन चारही बाजू स्वतः मोजा. समजा, घर आणि परडं मिळून २४ बाय ४० म्हणजे ९६० चौरस फूट भरलं आणि कागदावर ६४० च आहे, तर उरलेले ३२० चौरस फूट कोणाचे? बहुतेक वेळा ती गावठाणातली सरकारी किंवा ग्रामपंचायतीची जागा असते, वापरात होती म्हणून घरात धरलेली. तिची किंमत देऊ नका, आणि खरेदीखतात कागदावरचंच क्षेत्र लिहा. शेजारची भिंत सामाईक आहे का, पागोळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, शेजाऱ्याच्या बाजूला उघडणारी खिडकी आहे का, मागच्या घराची वाट तुमच्या अंगणातून जाते का, हे सगळं चतुःसीमेच्या परिच्छेदात शब्दांत लिहून घ्या. गावठाणातली बहुतेक भांडणं याच चार गोष्टींवरून होतात.

शेवटी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल (मालकीच्या जुन्या नोंदी तपासलेला) घ्या आणि गावात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात पंधरा दिवसांची जाहीर नोटीस द्या. नोटिशीला हरकत आली तर वाईट वाटून घेऊ नका. खरेदीनंतर आली असती, ती आधी आली.

प्रश्न : गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायामुळे आम्ही परराज्यात असतो. विट्याजवळ रस्त्यालगत एक गुंठा जागा मिळते आहे. एजंट म्हणतो, नोटरी करून लगेच ताबा देतो, सातबारावर नंतर सामाईक नाव लावू. घ्यावी का?

उत्तर : नको. स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नोटरीने फक्त सह्या कोणाच्या आहेत ते सांगितलेलं असतं. पैसे गेले, ताबा मिळाला आणि मालकी मूळ मालकाकडेच राहिली, असा हा व्यवहार आहे. त्यानं उद्या त्याच गटावर सोसायटीचं कर्ज काढलं, तर तुमच्या भिंतीवरही बोजा येतो.

नोटरी का, खरेदीखत का नाही, याचं कारण तुकडेबंदीत आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा विकता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनं आपल्याकडच्या जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं. २०२५ मध्ये सरकारनं निवासी वापरातल्या आणि शहरालगतच्या तुकड्यांसाठी सवलती आणल्या, आणि एजंट आता त्यांचाच दाखला देतात. सवलत आहे हे खरं, पण ती तुम्हाला दाखवलेल्या गटाला लागू आहे की नाही, याचं उत्तर तहसील कचेरीतून गट नंबर देऊन लेखी घ्या. एजंटच्या मोबाइलवरची बातमी पुरत नाही.

सामाईक नावाचं दुखणं वेगळं आहे. आठ-दहा जणांची नावं एका सातबारावर लागतात, प्रत्येकाचं क्षेत्र लिहिलेलं असतं, पण कोणाचा तुकडा कुठे, ते कुठेच नसतं. पोटहिस्सा पाडायला सगळ्यांची संमती हवी. एकजण अडला की मोजणी अडते, बँक कर्ज नाकारते, आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मागे फिरतं.

विकत घेण्याजोगा प्लॉट कसा ओळखायचा? त्याला बिगरशेतीचा आदेश किंवा सनद असते. नगररचना खात्यानं मंजूर केलेलं रेखांकन असतं, त्यावर शिक्का, क्रमांक आणि तारीख असते, आणि तुमचा प्लॉट त्या नकाशात नंबरानं दिसतो. रेखांकनात अंतर्गत रस्ते आणि खुली जागा दाखवलेली असते. नकाशा हातात घेऊन जागेवर चालून पाहा. कागदावर नऊ मीटरचा रस्ता आणि जागेवर बैलगाडीची वाट असेल, तर उरलेले मीटर कुठल्यातरी प्लॉटात गेलेले आहेत. शेवटी सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) घ्या. हद्दीचे दगड तुमच्यासमोर रोवले जाऊ द्या. त्यासाठी एकदा गावी यावं लागलं तरी या.

सातबारा स्वतः उघडा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो दिसतो, आणि डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. सगळ्यात आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. तिथे विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा) आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार, दोन्ही हवेत. नुसता दाखला पुरत नाही. कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव असेल तर थांबा. ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. औंध, जत, मिरज, सांगली संस्थानांच्या जुन्या मुलखात वतन-इनामाच्या जमिनी ठिकठिकाणी आहेत. देवस्थान इनाम दिसलं तर व्यवहारच सोडा. आणि धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना अशा धरणांच्या लाभक्षेत्रात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा आढळतो. तो उठवण्याचा आदेश पुनर्वसन शाखेतून निघाला असेल, तो मालकानं दाखवला पाहिजे. “तो जुना शेरा आहे, काही होत नाही” असं म्हणणाऱ्याला म्हणा, मग उठवून दे.

प्रश्न : पलूस तालुक्यात नदीपासून अर्धा किलोमीटरवर दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. मालक म्हणतात, २०१९ ला फक्त अंगणात पाणी आलं होतं. खात्री कशी करायची?

उत्तर : नदीपासूनचं अंतर विसरा, पातळी धरा. कृष्णाकाठी पाणी पुष्कळदा काठावरून येत नाही. ओढ्या-नाल्यांतून उलटं फिरून गावाच्या पाठीमागून येतं. त्यामुळे नदीजवळचं उंचावरचं घर कोरडं राहतं आणि किलोमीटरभर आतली गल्ली बुडते.

सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. गावातल्या माणसांना पुलावर पाणी किती फुटांवर असताना ते आपल्या गल्लीत शिरतं, हे तोंडपाठ असतं. तोच प्रश्न विचारा, आणि मालकाला नव्हे, तर त्याच गल्लीतल्या दुकानदाराला आणि खालच्या गल्लीतल्या एखाद्या घराला विचारा. तलाठी कार्यालयात २०१९ आणि २०२१ च्या पंचनाम्यांच्या याद्या झालेल्या असतात. या घराला पुराची मदत मिळाली होती का, तेही पाहा. मदत घेतली असेल तर पाणी अंगणात थांबलेलं नव्हतं.

घरातही खुणा असतात. दरवाजाच्या चौकटीचा खालचा भाग फुगलेला किंवा नवा जोडलेला. वीजमीटर आणि बटणांचे बोर्ड एकाच उंचीच्या वर नव्यानं बसवलेले. बाकी घर जुन्या रंगाचं आणि खालचे चार फूट ताजे. कपाटाच्या मागे, जिन्याखाली, न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर टॉर्च मारून पाहा; पुराच्या गाळाची रेघ तिथे पुसायची राहते.

एवढं झालं की मोजा. शेजारी कुठे तरी, देवळावर, शाळेवर, एखाद्या खांबावर, पुराची खूण नक्की असते. दहा मिलिमीटरची पारदर्शक नळी घ्या, तिच्यात बुडबुडा न ठेवता पाणी भरा. एक टोक खुणेला लावून दुसरं पंधरा-वीस मीटर पुढे न्या, पातळी खडूनं टिपा, तिथून पुढे सरका. असं करत घराच्या जोत्यापर्यंत या. गवंड्याला हे रोजचं काम आहे, दोन माणसं तासाभरात करतात. पुराची पातळी जोत्याच्या किती वर होती, हा आकडा हातात आल्याशिवाय भाव ठरवू नका.

पाटबंधारे खात्याच्या पूररेषेच्या नकाशावरही घर कुठे आहे, ते पाहा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. म्हणजे तिथलं जुनं घर घेतलंत, तर पुढे वाढवणं किंवा पाडून बांधणं अडेल. आमचं मत : निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. दोन रेषांच्या मधलं घर घ्यायचंच असेल, तर भिंती सिमेंटच्या मसाल्यातल्या हव्यात, कारण मातीच्या मसाल्याची भिंत तीन-चार दिवस पाण्यात राहिली की पाणी ओसरताना बसते. सामान वर टाकायला पोटमाळा किंवा गच्ची हवी, बोर्ड पुराच्या खुणेच्या वर हवेत. आणि घराचा विमा काढा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी आहे, तिच्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात.

प्रश्न : आष्ट्याजवळ सहा वर्षांपूर्वी बांधलेला बंगला स्वस्तात मिळतो आहे. भिंतींना खालून दोन फूट पोपडे आले आहेत. मालक म्हणतो, रंग खराब होता.

उत्तर : रंगाचा दोष असता तर पोपडे वरही आले असते. खालून दोन-तीन फूट सरळ रेघेत येतात, तेव्हा जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं आहे. वाळवा, मिरज, पलूस भागात उसाला दिलेल्या बेसुमार पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या, भूजल वर आलं. ते पाणी क्षार घेऊन विटेत चढतं, पृष्ठभागावर सुकतं, क्षाराचे खडे फुगतात आणि गिलावा फोडून बाहेर येतात. भिंतीला लोणा लागतो तो हाच. पांढरी भुकटी बोटानं चाखली तर खारट लागते.

मालकानं ऑइलपेंट मारला किंवा टाइल्स लावल्या असतील, तर त्यांच्या वरच्या काठाला पाहा. ओल कोंडली की ती वर सरकते आणि टाइल्सच्या वर फूटभर फुटते. घेण्याआधी अंगणात पाच-सहा फुटांचा खड्डा काढायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात किती पाणी जमलं, ते पाहा. तीन फुटांच्या आत पाणी असेल तर दुरुस्ती टिकणार नाही, घर सोडा. पाणी खोल असेल आणि जोत्यावर ओलप्रतिबंधक थर घालायचा राहिला असेल, तर भिंतीत रसायन टोचून थर तयार करता येतो. त्यानंतर खराब गिलावा ओलीच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंत काढून, वीट वाळू देऊन नवा करावा लागतो. हा खर्च आधी ठेकेदाराकडून लिहून घ्या आणि किमतीतून वजा करा.

काळ्या मातीच्या भेगा वेगळ्या. त्या खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरप्या जातात, उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात, कारण माती फुगते आणि आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसला की असं होतं. भेगेवर सिमेंटची चकती बसवून तारीख लिहा. चकती तडकली तर भेग अजून चालू आहे.

प्रश्न : वडूजजवळ धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) दगडी घर तीन लाखांत मिळतं आहे. वर स्लॅब टाकून राहावं असा विचार आहे.

उत्तर : स्लॅबचा विचार सोडून द्या. जुन्या दगडी भिंती मातीच्या मसाल्यात असतात : बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये भर. वरचं वजन वाढलं की दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि एका पावसाळ्यात बाहेरचा थर कोसळतो. भूकंपातही अशाच भिंती आधी पडतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा जिल्हा आहे हा.

भिंत ठेवण्याजोगी आहे का, हे ओळंब्यानं कळतं. वरून ओळंबा सोडा आणि मधल्या उंचीवर दोरी आणि भिंत यांतलं अंतर मोजा. इंचभर फरक जुन्या भिंतीत चालतो. तीन इंच पोट आलं असेल तर तेवढी भिंत उतरवून पुन्हा रचावी लागेल. कोपरे पाहा : दोन भिंती एकमेकींत गुंतलेल्या आहेत की कोपऱ्यात उभी फट आहे? भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे दगड किती आहेत, तेही पाहा. दर चार-पाच फुटांवर एक तरी हवा.

मग धाबं. दहा बाय बाराच्या खोलीवर नऊ इंच पांढरी माती असली तरी ती चार टनांहून जास्त भरते, आणि भिजली की आणखी. गळतंय म्हणून दर वर्षी वरून माती टाकत गेलेली घरं असतात, तिथे थर दीड फुटावर गेलेला असतो. तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथेच कुजतात. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. अर्धा इंच आत गेला तर तुळई बदलायची. वाळवीचे मातीचे माग भिंतीवरून तुळईपर्यंत गेलेत का, तेही तपासा.

करण्याजोगं काम असं : माती उतरवा, भिंतीचा वरचा फूटभर सैल भाग काढा, त्यावर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला. सहा इंच उंच, आत दहा ते बारा मिलिमीटरच्या चार सळ्या, कोपऱ्यात सळ्या वळवून पुढे नेलेल्या. या पट्ट्यात बोल्ट आधीच रोवून ठेवा, त्यावर लोखंडी सांगाडा आणि पत्रा किंवा कौलं. बोल्ट न रोवता पत्रा नुसता दगड ठेवून दाबला, तर वळवाच्या पहिल्या वाऱ्याला उडतो. पत्र्याखाली लाकडी किंवा जिप्समचं छत घातलं नाही तर खटाव-माणच्या एप्रिलमध्ये दुपारी घरात बसवत नाही. धाब्याचा गारवा मातीमुळे होता, तो गेला की दुसरी सोय करावीच लागते.

पाण्याची चौकशी मे महिन्यात करा. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, टँकर लागतो का, शेजारची बोअर किती फूट आणि उन्हाळ्यात चालते का. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांना रोज २७५ लिटर लागतील. पाणी आठ दिवसांआड येत असेल तर दोन हजार लिटरची टाकी कमी पडते, तीन हजारांची धरा.

प्रश्न : कराडजवळ सात फ्लॅटची इमारत आहे. बिल्डर म्हणतो, रेराची (बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याखालच्या नोंदणीची) गरज नाही.

उत्तर : त्याचं म्हणणं खरं असू शकतं. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर नोंदणीतून सूट आहे. मात्र शेजारी त्याच गटावर दुसरी इमारत उभी राहत असेल, तर सगळे टप्पे मिळून मोजतात. सूट असली की रेराच्या नोंदणीचं संरक्षण नसतं, म्हणून मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः पाहा. मंजुरी तीन मजल्यांची आणि फ्लॅट चौथ्यावर असेल तर बोलणं तिथेच थांबवा. भाव चटई क्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) लावून घ्या.

प्रश्न : घर बारा लाखांचं आहे. वर किती लागतील आणि कर्ज किती मिळेल?

उत्तर : मुद्रांक शुल्क हद्दीनुसार बदलतं, ग्रामपंचायत की नगरपालिका, ते पाहून पाच-सहा टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे साठ ते बहात्तर हजार. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे बारा हजार. ती तीस हजारांच्या वर जात नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर घरावरच्या मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, तुमचे बारा हजार वाचतात. सवलत घराला आहे, रिकाम्या प्लॉटला नाही. शुल्क तुमच्या किमतीवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. म्हणून किंमत ठरवण्याआधीच दुय्यम निबंधक कार्यालयातून मूल्यांकन काढून घ्या. वकील, शोध अहवाल, नोटीस आणि मोजणी यांसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा.

तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण किंमत बँकेच्या मूल्यांकनकाराची, मालकाची नव्हे. त्यानं दहा लाख काढले तर नऊच मिळतील. नुसत्या नमुना ८ वरच्या घराला राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत. पतसंस्था आणि गृहवित्त कंपन्या देतात, पण व्याज चढं असतं. बँकेनं कागदांवर नाही म्हटलं, तर का म्हटलं ते विचारून घ्या. तिच्या वकिलाला दिसलेला दोष तुम्हालाही कळायला हवा.

घर नगरपालिका किंवा नगरपंचायत हद्दीत असेल, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधलं व्याज अनुदान पाहा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावं लागतं. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के, सगळं मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. गावी वडिलांच्या घरात तुमचा हिस्सा असेल, तर पात्रतेबद्दल अर्ज करण्याआधी बँकेत विचारा.

पैसे बँकेतूनच द्या. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोख दिलेल्या इसाराचा पुरावा मागे राहत नाही. इसार लहान ठेवा; मोठी रक्कम द्यायची असेल तर साठेखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) नोंदवा. त्यात ‘अमुक तारखेपर्यंत बोजा उठवून, सर्व वारसांच्या सह्यांनिशी खरेदीखत, न झाल्यास इसार परत’ हे शब्द असू द्या. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे.

नोंदणीनंतर सूची क्रमांक २ ची (नोंदलेल्या दस्ताच्या सारांशाची) प्रत लगेच घ्या. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत घरपट्टी आणि पाणीपट्टी नावावर करा, महावितरणचं मीटर नावावर करा आणि त्याआधी तिन्हींची थकबाकी मालकाकडून भरून घ्या. सातबारा किंवा मिळकत पत्रिका असेल तर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग नोंद मंजूर होते. मंजूर झाल्यावर नवा उतारा काढा आणि नाव, क्षेत्र, गट नंबर एकेक अक्षर ताडून पाहा. लिहिण्यातली चूक निघाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे द्या. तो लगेच दिला तर सोपा जातो. विकणारा गाव सोडून गेल्यावर त्याच कामाला वर्ष लागतं.